नाव लावलंय तुझं

मी मूळची घाबरट बाई. विमान जरा हललं की खुर्चीचा हात घट्ट धरते. दाराच्या फटीतून टॅक्सवाल्यांचं तपकिरी पाकीट आत पडलं की ते आधी पालथं ठेवते, चहा पिते आणि मग उघडते. पण घाबरले की मी रडत नाही, गप्पही बसत नाही. चिडते. त्यामुळे आमच्याकडे मला सगळे तापट समजतात. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर कुठे आमच्या ह्यांना कळलं, की ही भांडी आपटते तेव्हा हिला राग आलेला नसतो, हिची घाबरगुंडी उडालेली असते.

हे आधीच सांगते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर ओरडले आहे. ते भीतीपोटी होतं असं समजून घ्यावं.

पुण्यात होते तेव्हा मी एका सहकारी बँकेत नोकरी करत होते, मुदत ठेवींच्या काउंटरला. माणूस पैसे ठेवायला आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "नॉमिनी कोण?" लोक लाजायचे, काही जण वैतागायचे. "एवढ्यात कुठे मरतोय मी, ताई!" म्हणायचे. मी ऐकून घ्यायची नाही. नवरा गेल्यावर भेदरलेल्या चेहऱ्याने काउंटरला आलेल्या बायका मी बघितल्या होत्या, आणि त्या एका नावाच्या जोरावर त्यांचं काम कसं चटकन व्हायचं तेही. नॉमिनी या शब्दावर माझा जेवढा विश्वास, तेवढा देवावरही नसेल.

मग ह्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीने आम्हाला इंग्लंडला आणलं आणि आम्ही लंडनजवळ स्लाऊला राहिलो ते राहिलोच. मुलगी इथेच जन्मली, आता नॉटिंगहॅमला नोकरी करते. माझी बँक सुटली ती सुटलीच. मी इथल्या एका शाळेच्या किचनमध्ये लागले. ढिगाने बटाटे, ढिगाने मटार, आणि "मिस, मला गाजर नको" म्हणणारी पोरं. पगार बेताचाच, पण माझा. तो जॉइंट अकाउंटला जायचा. घरखर्च, मॉर्गेजचा हप्ता भागून उरेल ते सगळं, माझं काय आणि ह्यांचं काय, सेव्हिंग्जमध्ये. त्यावर बँक व्याज द्यायची ते नावाला.

पुढे सगळीकडे व्याजदर चढले, तरी आमच्या बँकेचं व्याज काही हलेना. तेव्हा ह्यांनी नवीन टूम काढली.

"अगं, बँक आपल्याला मूर्ख बनवते आहे," एका शनिवारी पोहे खाता खाता म्हणाले. "मी एका ऑनलाइन ब्रोकरकडे खातं काढलंय. तिथे कोणी सल्ला देत नाही. काय घ्यायचं, काय विकायचं, सगळं आपलं आपण."

माझा चमचा थांबला. "शेअर्स?"

"छे! तेवढी छाती कुणाची आहे? फंड आहे. तो आपले पैसे मोठ्या बँकांना, सरकारला थोड्या थोड्या दिवसांसाठी उसने देतो आणि त्याचं व्याज आपल्याला मिळतं. तू एफडीच समज. फक्त व्याज जास्त, आणि मोडली तर दंड नाही."

"पावती कुठे आहे?"

"पावती नसते. ॲपमध्ये दिसतं."

"डोंबल तुमचं ॲप! आणि खातं कुणाच्या नावावर?"

"माझ्या. हे टॅक्स वाचवणारं खातं इथे जॉइंट निघतच नाही."

"म्हणजे माझे बटाटे सोलून मिळवलेले पैसेही तुमच्याच नावावर?" मी पातेलं सिंकमध्ये आदळलं.

आता ह्यांना कळलं, की बाई घाबरली. आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, तुझं नाव लावलंय ना! त्यांनीच विचारलं होतं, नॉमिनेट करा म्हणून. तुझं दिलं. काउंटरवालीला विसरेन होय मी?"

मग मी निवांत झाले. नाव लागलं होतं, विषय संपला. पातेलं घासून पालथं घातलं आणि दुसरा चहा टाकला. पुढे अधूनमधून हे फोन माझ्यासमोर धरायचे, "बघ, काल रात्रीत एवढं वाढलं." मी बघायची. खरंच वाढलेलं असायचं. नातेवाइकांना फोनवर सांगताना मीसुद्धा ऐट करायची, की आमच्या ह्यांना पैशातलं चांगलं कळतं.

मागच्या वर्षी सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये पिशव्या गाडीत ठेवता ठेवता हे मधेच थांबले. एक हात छातीवर, दुसऱ्या हातात दुधाचा कॅन. मी ओरडले, "आता काय झालं? ठेवा ना ते!" ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी कॅन ह्यांच्या हातातून काढून घेतला. कपाळावर घामाचे थेंब, आणि बाहेर तर चांगली थंडी. ॲम्ब्युलन्स आली. स्लाऊच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या, मग लंडनच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. नळ्या बंद आहेत, बायपास करावी लागेल. सर्जन इतकं सौम्य बोलत होता, की मला जास्तच धडकी भरली. इथले लोक जितके गोड बोलतील तितकी गोष्ट वाईट, हे मला एव्हाना ठाऊक झालं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी मी कपडे घ्यायला घरी आले होते. तेवढ्यात मुलीचा फोन आला. संध्याकाळच्या ट्रेनने निघणार होती. आमची लेक मराठी बोलते, पण तिच्या मराठीत कुठली वस्तू बाई आणि कुठली पुरुष याचा काही नेम नसतो.

"आई, रागवू नको. बाबाची पैसा सगळा त्या ॲपमध्ये आहे ना? तुझ्याकडे ॲक्सेस आहे?"

"मला कशाला हवा ॲक्सेस? मी नॉमिनी आहे."

ती म्हणाली, "आई, नॉमिनी म्हणजे?"

मी तिला समजावलं. पुण्यातल्या काउंटरला समजवायची तसंच, सगळं, नीट.

"आई," ती म्हणाली, "मी पण तोच ॲप वापरते. त्यात असा काही नसतो. दे आस्क फॉर अ नॉमिनेटेड अकाउंट. म्हणजे तू पैसे काढला तर कुठल्या बँकमध्ये जाणार, तेवढंच. बाबाने तुमचा जॉइंट अकाउंट दिला असणार. त्यात तुझं नाव आहे, म्हणून त्याला वाटलं..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. हातात ह्यांचा घडी घातलेला पायजमा होता, तो घेऊन मी पायरीवरच बसले. एवढा शिकलेला माणूस, इतकी वर्षं इंग्लंडात इंग्रजीत मीटिंगा घेणारा, त्याने "नॉमिनेटेड" वाचलं आणि पुण्याच्या बँकेतला अर्थ लावला. आणि मी? मला हे सांगितल्यावर मीही त्याच अर्थाने मान डोलावली. इथल्या कुणा गोऱ्या माणसाने ही चूक केली नसती. त्याला तो शब्द दुसऱ्या कशाची आठवणच करून देत नाही.

"तू काहीतरीच बोलतेस," असं म्हणून मी मुलीचा फोन ठेवला आणि त्या ब्रोकरच्या हेल्पलाइनला लावला. बराच वेळ पियानो वाजला. मग एक बाई आल्या. आवाजावरून माझ्याच वयाच्या, सर्दी झालेल्या. मी खात्याचं विचारायला लागले तर म्हणाल्या, खातेदार स्वतः फोनवर येऊ शकतील का?

"खातेदाराची उद्या छाती उघडणार आहेत!" मी ओरडले.

पलीकडून आवाज आला, "ओ, आय ॲम सो सॉरी, माय लव्ह." अनोळखी बाईने लव्ह म्हटल्यावर मला पुढे ओरडवेना. त्या म्हणाल्या, तुमच्या मिस्टरांच्या खात्याबद्दल मला एक अक्षर बोलता येत नाही, पण सर्वसाधारणपणे काय असतं ते सांगू शकते. चालेल का? चालेल म्हटलं.

त्यांनी शिंकत शिंकत सांगितलं. नॉमिनेटेड अकाउंट म्हणजे काढलेले पैसे जिथे जमा होतात तो अकाउंट, बास. खातेदार गेला तर खातं गोठतं. मग मृत्युपत्र, कोर्टाचे कागद, त्याला लागतील तितके महिने. मृत्युपत्र नसेल तर आणखी घोळ.

"आणि जिवंत असून बोलता आलं नाही, सही करता आली नाही तर?" हे मी का विचारलं ते मला माहीत नाही.

"त्यासाठी आधीच पॉवर ऑफ ॲटर्नी करून ठेवावी लागते. नसेल तर कोर्टात अर्ज. ते फार अवघड जातं हो लोकांना."

मेल्यानंतरचं मी पुण्यात रोज बोलायची. पण माणूस आहे आणि नाहीही, असं मधलं काही असतं, आणि त्याला कुठल्याच काउंटरला जागा नसते, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"आणि त्यांनी आजच, स्वतः, सगळं विकलं तर?"

"मग काही कामाच्या दिवसांत पैसे त्या नॉमिनेटेड अकाउंटला जातील." बाई थांबल्या. "आणि, डार्लिंग, काहीतरी खाऊन घ्या."

म्हणजे वाट होती. फोन ह्यांच्या उशाशीच होता. ह्यांनी ॲप उघडायचं, विकायचं, पैसे जॉइंटला. मला फक्त हॉस्पिटलात जाऊन तोंड उघडायचं होतं. मुलीचा मेसेज आलाच, "आई आजच सांग बाबाला. प्लीज."

स्लाऊहून लंडनला, पॅडिंग्टनला जाणाऱ्या ट्रेनमध्ये मी खिडकीशी बसून वाक्यं जुळवत होते. "अहो, एक छोटंसं काम आहे." नको, छोटंसं म्हटलं की ह्यांना संशय येतो. "अहो, मुलगी म्हणत होती..." हे बरं. मधूनच माझी मलाच लाज वाटे. माणसाचं काळीज उद्या थांबवून पुन्हा चालू करणार आहेत आणि ही बया पैशांचा हिशोब करते आहे! आणि लगेच भीती वाटे. या देशात माझ्या नावावर काय आहे? गॅसचं बिल ह्यांच्या नावाने, इंटरनेट ह्यांच्या नावाने, गाडीही ह्यांचीच. महिन्याच्या खर्चापुरता जॉइंट अकाउंट सोडला तर माझ्या नावाने एक लायब्ररी कार्ड आणि शाळेतलं ॲप्रन. हे गेले तर मी एकटी, आणि हे न जाता, न राहता अडकले तर मी त्याहून एकटी, आणि आमचे सगळे पैसे काचेच्या पलीकडे. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. समोर बसलेल्या माणसाच्या बॅगेला माझा पाय लागला तर मी त्याच्यावरच खेकसले. त्या बिचाऱ्यानेच सॉरी म्हटलं.

वॉर्डात आले तर हे झोपलेले. तोंड जरासं उघडं, छातीवर वायरी, हाताला सलाइन. लॉकरवर फोन. मी खुर्ची ओढून बसले. फोन उचलला. ॲप ह्यांच्या चेहऱ्याने उघडतं हे मला माहीत होतं.

आता जे केलं ते सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगते. मी तो फोन ह्यांच्या तोंडासमोर धरला. हे उठायच्या आत निदान आत काय आहे ते तरी बघावं म्हणून. झोपलेल्या नवऱ्याच्या तोंडावर, चोरासारखा. उघडेना. डोळे उघडे लागतात मेल्याला. मी फोन जरा जवळ नेला, आणि ह्यांनी डोळे उघडले.

फोनने ह्यांना ओळखलं. आमचे सगळे पैसे पडद्यावर, मोठ्या आकड्यांत. खाली एक बटण, "सेल".

"फोटो काढतेस?" हे म्हणाले. घोगरा आवाज, पण हसत होते. "असल्या अवतारात? थांब, केस तरी नीट करतो."

"कुठे आहेत केस?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"टोमणे मार. उद्या मारता येणार नाहीत." मग माझा चेहरा बघून लगेच, "अगं, उद्या भूल देणार आहेत म्हणून म्हणतोय."

मी सेलवर बोट टेकवलं होतं. पुढे ॲप पिन मागत होतं. ती ह्यांनाच ठाऊक. म्हणजे विचारायला हवं होतं, आणि विचारलं की सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं. "अहो, मुलगी म्हणत होती..."

"हं?"

"ती संध्याकाळी येतेय."

"येऊ दे." ह्यांनी माझा मोकळा हात हातात घेतला. ह्यांचा हात छान उबदार होता, मला आठवतं. "सकाळी सर्जन येऊन गेला. काय काय होऊ शकतं ते सगळं सांगितलं त्याने. स्ट्रोक येऊ शकतो, अमुक होऊ शकतं, तमुक. मग सही घेतली. मला वाटलं होतं माझी बोबडी वळेल. पण नाही गं वळली. का सांगू? तुझी सोय करून ठेवली आहे. नाव लावलंय तुझं. आयुष्यात दहा गोष्टी अर्धवट केल्या असतील मी, पण एवढं एक काम नीट केलं. काल रात्री हाच विचार केला आणि मस्त झोपलो."

मी पिनच्या त्या रिकाम्या चौकोनांकडे बघत होते.

"तू बघितलंस ना कधी ॲपमध्ये? आहे ना तुझं नाव?"

आता सांग, आता सांग, असं माझं मन ओरडत होतं. सांगितलं असतं तर हे उठून बसले असते, पिन दाबली असती, कदाचित पैसे आलेही असते. आणि मग सगळी रात्र हा माणूस छताकडे बघत पडला असता. ज्या एका गोष्टीवर टेकून तो झोपला होता तीच मी काढून घेतली असती. आणि सकाळी तसाच आत गेला असता. त्या खोलीत मी बरोबर जाऊ शकत नव्हते.

"बघितलं," मी म्हणाले. "आहे."

"नक्की?"

"नक्की. माझं पूर्ण नाव आहे. स्पेलिंगसुद्धा बरोबर आहे."

हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, पकडलं. मग म्हणाले, "आज तू ओरडत नाहीयेस. म्हणजे तूसुद्धा घाबरलेली नाहीस. मग तर काही प्रश्नच नाही."

मी ॲप बंद केलं आणि फोन लॉकरवर ठेवला. आयुष्यात इतकी हळू मी कुठलीच वस्तू ठेवली नसेल.

रात्री मुलगी आली तेव्हा मी तिला कॉरिडॉरमध्ये सांगितलं, की बोलले नाही. "आई! व्हॉट इज राँग विथ यू? आता उद्या काय झाला तर?" ती इतक्या जोरात ओरडली, की नर्सने वळून बघितलं. म्हटलं, ओरडू नकोस, माझ्यावर गेलीस. मग दोघी तिथेच प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. थोड्या वेळाने तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

ऑपरेशन लांबत गेलं. कँटीनमध्ये मुलीने माझ्यापुढे सँडविच ठेवलं, मी ते नुसतंच उलटसुलट करत बसले. सर्जन बाहेर आला, हसला, सगळं ठीक झालं म्हणाला. मी त्याचे हात धरले. त्याच्या बोटांना साबणाचा वास येत होता. वाटलं, सुटलो.

पण सुटलो नव्हतो. हे शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी मी आय.सी.यू.मध्ये गेले तर ह्यांनी माझ्याकडे अनोळखी नजरेने बघितलं आणि इंग्रजीत, ऑफिसातल्या आवाजात विचारलं, "यस, हाऊ कॅन आय हेल्प यू?"

"अहो, मी आहे," म्हटलं. तर नर्सकडे वळून इंग्रजीतच म्हणाले, "ह्या बाईंना माझ्याशी काय काम आहे?" नर्स म्हणाली, मोठ्या ऑपरेशननंतर काहींना असा गोंधळ होतो, बहुतेकांचा जातो. बहुतेकांचा! तो शब्द धरून मी ते दोन दिवस काढले. हेच ते मधलं. सर्दीवाल्या बाईंनी सांगितलेलं. माणूस समोर आहे, डोळे उघडे आहेत, आणि मी त्याची कोणी नाही. खोटं बोलणार नाही, तेव्हाही मला पैसे आठवले. बटण आठवलं. आपण काय करून बसलो, असं वाटून मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात पदर कोंबला. म्हणजे स्कार्फ. पदर कुठला आता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आत शिरले आणि हे मराठीत म्हणाले, "चहा आणलास का? इथला चहा म्हणजे शिक्षा आहे." मी एवढ्या जोरात ओरडले, "चहा काय चहा! माणसाला जिवंतपणी मारायचं ठरवलंय का तुम्ही!" की शेजारच्या बेडवरचे आजोबा दचकले. आणि आमचे हे हसायला गेले, आणि टाके दुखले म्हणून कण्हायला लागले.

घरी आल्यावर काही आठवडे मी काहीच बोलले नाही. खोकला आला की हे छातीशी उशी धरायचे, ते बघून माझी हिंमत व्हायची नाही. मग एक दिवस दुपारी वरण-भात जेवून झाल्यावर सांगून टाकलं. सगळं. शब्दाचा अर्थ, फोन, बटण.

ह्यांनी ताटातलं शेवटचं शीत बोटाने टिपलं. "पण तू म्हणालीस, बघितलं."

"म्हणाले."

"खोटं?"

"खोटं."

ह्यांचा आवाज चढला. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याएवढा. "आणि मी गेलो असतो तर? अक्कल आहे का तुला? रस्त्यावर आली असतीस!"

"गेला असतात तर मी निस्तरलं असतं. कोर्ट म्हणा, कागद म्हणा, केलं असतं काहीतरी. पण तुम्ही घाबरत गेला असतात तर ते मला कुठल्या कोर्टात जाऊन निस्तरता आलं असतं?"

हे उठले, ताट स्वतः सिंकमध्ये नेऊन ठेवलं आणि पाठ फिरवून उभे राहिले. खांदे हलत होते. मी उशी नेऊन दिली.

पुढच्या आठवड्यात ह्यांनी निम्मा फंड विकला. पैसे जॉइंटला आले, आणि मी माझ्या नावाने तसंच खातं काढून तोच फंड घेतला. स्वतः, स्वतःच्या बोटाने. मग पॉवर ऑफ ॲटर्नीसाठी आणि मृत्युपत्रासाठी आम्ही हाय स्ट्रीटवरच्या सॉलिसिटरकडे, म्हणजे वकिलाकडे, गेलो. तरुण पंजाबी मुलगी, तिथेच स्लाऊला वाढलेली. तिने ह्यांना भराभर विचारलं. घर? बायकोला. फंड? बायकोला. हे खणखणीत उत्तरं देत होते, मध्येच एक विनोदही केला.

मग तिने सहज विचारलं, "आणि तुमच्या मिसेस तुमच्या आधी गेल्या तर?"

ह्यांनी पेन टेबलावर ठेवलं. तिला वाटलं ऐकू आलं नाही, तिने पुन्हा विचारलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं कार पार्कात बघितलं होतं तसंच, आणि मी घाबरून विचारलं, "दुखतंय का?"

ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. टेबलाखाली माझा हात शोधला आणि धरला. बर्फासारखा गार पडला होता ह्यांचा हात. इतकी वर्षं ह्यांनी आधी स्वतः जायचं आणि माझी सोय करून जायचं एवढंच धरलं होतं. उलटं होऊ शकतं हे त्या पोरीने विचारेपर्यंत डोक्यात आलंच नव्हतं.

"मुलीला," मीच सांगितलं. तिने लिहून घेतलं.

"मला भीती वाटते गं," हे मराठीत, हळूच म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. मला ओरडायचं होतं, पण नाही ओरडले.

"मलाही," म्हटलं. मग आम्ही सह्या केल्या.